जॉन हेशम गिबन

जॉन हेशम गिबन (२९ सप्टेंबर १९०३ – ५ फेब्रुवारी १९७३) हे अमेरिकन शल्यविशारद आणि हृद्-फुप्फुस यंत्राचे जनक होते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांनी एका १८ वर्षांच्या तरुणीचे हृदय व फुप्फुसे यांचे काम २६ मिनिटे पूर्णपणे यंत्राकडे सोपवले आणि त्या अवधीत तिच्या हृदयातील छिद्र शिवून बंद केले. हृद्-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने केलेली ही जगातील पहिली यशस्वी खुली हृदयशस्त्रक्रिया मानली जाते. या यंत्रासाठी गिबन यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खर्ची घातला होता. मात्र या यशानंतर तीन महिनेही उलटण्यापूर्वी त्यांनी अशा शस्त्रक्रिया थांबवल्या आणि पुन्हा कधीही स्वतः केल्या नाहीत.

कुटुंब आणि शिक्षण

गिबन यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. घराण्यात कित्येक पिढ्या वैद्यकीय व्यवसाय चालत आला होता. त्यांचे वडील, ज्यांचे नावही जॉन हेशम गिबन हेच होते, जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. आईचे वडील सॅम्युएल यंग हे अमेरिकेच्या भूदलाचे पहिले प्रमुख होत. गिबन यांनी १९२३ साली प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेतली व वडिलांच्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला.

वैद्यकाचे शिक्षण चालू असताना ते सोडून द्यावे आणि लेखक व्हावे, असे त्यांना वाटू लागले होते. हाती घेतलेली पदवी आधी पूर्ण करावी, असा सल्ला वडिलांनी दिला आणि तो त्यांनी मानला. १९२७ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात दोन वर्षे उमेदवारी करून १९३० मध्ये ते संशोधनासाठी बॉस्टन येथे गेले. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडवर्ड चर्चिल हे त्यांचे मार्गदर्शक होते. चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत मेरी हॉपकिन्सन या साहाय्यक म्हणून काम करीत. व्यक्तिचित्रकार चार्ल्स हॉपकिन्सन यांच्या त्या कन्या. १९३१ साली गिबन आणि मेरी यांचा विवाह झाला.

बॉस्टनमधील रात्र

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या फुप्फुस धमनीत रक्ताची मोठी गुठळी अडकली. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारा रक्ताचा मार्गच त्यामुळे बंद होत चालला होता. अशा वेळी छाती उघडून, धमनी चिरून गुठळी काढण्याची एक शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलनबुर्ग यांनी सुचवली होती. परंतु ती इतकी घातक होती की रुग्ण मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पोहोचल्याशिवाय ती करण्यास कोणी धजत नसे. यासाठी कोणीतरी रुग्णाजवळ बसून तो क्षण ओळखणे आवश्यक होते. हे काम तरुण गिबन यांच्याकडे आले.

रात्रभर ते तिच्या शेजारी बसून नाडी व रक्तदाब यांच्या नोंदी घेत राहिले. तिच्या शिरा फुगत गेल्या, रक्त काळवंडत गेले, श्वास अधिकाधिक कष्टाचा होत गेला. सकाळी प्रकृती एकदम ढासळली तेव्हा चर्चिल यांनी अवघ्या साडेसहा मिनिटांत छाती उघडून गुठळी काढली व धमनी बंद केली. तरीही ती स्त्री वाचली नाही.

या रात्रीच गिबन यांच्या मनात यंत्राची कल्पना आली. रुग्णाच्या शिरांतील काळसर रक्त सतत बाहेर काढावे, त्यातील कार्बन डायऑक्साइड काढून त्यात ऑक्सिजन मिसळावा आणि ते लालभडक रक्त पुन्हा धमन्यांत सोडावे, म्हणजे अडलेला मार्ग मोकळा करण्यास शल्यविशारदाला उसंत मिळेल, असा तो विचार होता. हृदयातील दोष दुरुस्त करण्याचा हेतू त्यावेळी त्यामागे नव्हता. तो पुढे त्याला जोडला गेला.

समस्येचे स्वरूप

कल्पना सोपी वाटली तरी ती अमलात आणण्यात अनेक अडचणी होत्या. शरीराच्या सामान्य तापमानाला मेंदूचा रक्तपुरवठा चार-पाच मिनिटे जरी खंडित झाला तरी मेंदूला कायमची इजा होते. त्यामुळे हृदयावरील तत्कालीन शस्त्रक्रिया एकतर हृदयाच्या बाहेरच्या मोठ्या वाहिन्यांवर होत, नाहीतर धडधडणाऱ्या हृदयात बोट घालून, आतले काही न पाहता, केवळ स्पर्शाने केल्या जात. जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९६ मध्ये हृदयाला झालेली जखम शिवून दाखवली होती. पण हृदय रिकामे करून, आतून पाहून काम करणे हे अगदी निराळे होते.

त्यासाठी रक्त शरीराबाहेर नेताच ते गोठू नये, ही पहिली गरज. हेपारिन या गोठणविरोधी द्रव्याचा शोध १९१६ साली लागला होता व १९३०च्या दशकात ते शुद्ध स्वरूपात मिळू लागले. हेपारिनचा परिणाम नंतर नाहीसा करणाऱ्या प्रोटामिनचा उपयोगही त्याच दशकात कळून आला. ही दोन द्रव्ये नसती तर गिबन यांचे यंत्र कागदावरच राहिले असते. दुसरी अडचण ऑक्सिजनाची. फुप्फुसांत असंख्य सूक्ष्म पिशव्यांच्या भिंतींवर रक्त अत्यंत पातळ पसरते आणि हवेतील ऑक्सिजन घेते. तेवढा विस्तार यंत्रात कसा आणायचा? ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले तर रक्ताला फेस येतो आणि त्यातील एखादा बुडबुडा मेंदूत पोहोचला तर रुग्ण दगावतो. पंपाचा दाब जास्त झाला तर तांबड्या पेशी फुटतात. या साऱ्या गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या.

मॉस्को येथे सेर्गेई ब्रुखोनेन्को यांनी १९२०च्या दशकात कुत्र्यांवर कृत्रिम रक्ताभिसरणाचे प्रयोग केले होते. त्यांच्या यंत्रात रक्ताला ऑक्सिजन देण्यासाठी दुसऱ्या कुत्र्याची फुप्फुसे वापरली जात. गिबन यांना फुप्फुसाचे कामही यंत्राकडूनच करून घ्यायचे होते.

मांजरांवरील प्रयोग

फिलाडेल्फियाला परतून काही काळ व्यवसाय व शरीरक्रियाविज्ञानातील संशोधन केल्यावर १९३४ मध्ये गिबन एका वर्षासाठी पुन्हा बॉस्टनला गेले. चर्चिल यांना या प्रकल्पाविषयी फारसा उत्साह नव्हता, तरीही त्यांनी प्रयोगशाळेत जागा व शिष्यवृत्ती मिळवून दिली. अनुभवी सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी तर या नादी न लागण्याचाच सल्ला दिला होता.

हे पहिले यंत्र जुन्या बाजारातून घेतलेला हवेचा पंप, रबरी बुचे कापून घरीच तयार केलेल्या झडपा, काचेच्या नळ्या अशा वस्तूंतून उभे राहिले. त्याच्या मध्यभागी उभे फिरणारे एक नळकांडे होते. त्याच्या आतल्या भिंतीवर रक्ताचा पातळ थर पसरून खाली उतरे आणि तेवढ्यात आतील ऑक्सिजन शोषून घेई. प्रयोगासाठी मांजरे लागत व ती नेहमी मिळत नसत. तेव्हा गिबन रात्री पिशवी आणि ट्यूना माशाचे आमिष घेऊन बीकन हिल भागातील गल्ल्यांत भटकी मांजरे पकडण्यासाठी हिंडत.

या संशोधनातील मेरी गिबन यांचा वाटा पुष्कळदा एका वाक्यात उरकला जातो. तो तसा नाही. यंत्र जोडणे, ते निर्जंतुक करणे, मांजराला भूल देऊन कृत्रिम श्वसनावर ठेवणे, शस्त्रक्रियेत मदत करणे आणि रक्तातील वायूंचे मापन करणे ही कामे दोघे मिळून करीत. तयारीतच सकाळचे कित्येक तास जात आणि प्रत्यक्ष प्रयोग दुपारी सुरू होई. प्रारंभीच्या शोधनिबंधांतील मोजमापे ही त्या दोघांच्या हातची आहेत.

१९३५ मध्ये त्यांनी एका मांजराची फुप्फुस धमनी चिमट्याने पूर्ण बंद केली. रक्तदाब टिकून राहिला. हृदय व फुप्फुसे वगळून प्राण्याचे रक्ताभिसरण यंत्राने चालू होते. चिमटा काढल्यावर मांजराचे स्वतःचे अभिसरण पूर्ववत झाले. या आनंदात पती-पत्नी एकमेकांच्या गळ्यात हात घालून प्रयोगशाळेतच नाचले. या प्रयोगांचे पहिले वृत्त १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील टप्पा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पार पडला. तेथे यंत्रावर ठेवल्यानंतरही मांजरे दीर्घकाळ जगू शकतात हे त्यांनी दाखवले व १९३९ मध्ये ते प्रसिद्ध केले.

मांजराच्या शरीरातील रक्त अल्प असते. प्रौढ माणसाच्या हृदयातून विश्रांतीच्या स्थितीतही दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त वाहते. एवढ्या रक्ताला फिरत्या नळकांड्यावर ऑक्सिजन द्यायचा तर ते नळकांडे शस्त्रक्रियागृहात मावणार नव्हते. हा प्रश्न सुटण्यापूर्वीच दुसरे महायुद्ध आले. गिबन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि काम काही वर्षे पूर्णपणे थांबले.

जेफर्सन महाविद्यालय आणि आयबीएम

१९४६ मध्ये गिबन जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक व शल्य-संशोधन विभागाचे संचालक म्हणून रुजू झाले. तेथील एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाची आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी ओळख होती. त्या ओळखीतून गिबन आपले शोधनिबंध घेऊन न्यूयॉर्कमध्ये वॉटसन यांना भेटले. वॉटसन यांनी कंपनीचे अभियंते आणि खर्च उपलब्ध करून दिला. नफ्याची अपेक्षा ठेवली नाही. हिशेबयंत्रे बनविणाऱ्या या कंपनीने कृत्रिम हृदयासाठी पुढे केलेला हात हा वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या सहकार्याचा फार लवकरचा नमुना आहे.

आयबीएमचे पहिले यंत्र १९४०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्यात रक्त ढकलण्यासाठी लाटण्यासारखे फिरणारे रूळ वापरले होते. हे रूळ लवचीक नळीला बाहेरून दाबत पुढे सरकतात, त्यामुळे रक्ताचा कोणत्याही झडपेशी संबंध येत नाही. ऑक्सिजनाचा प्रश्न मात्र गिबन यांच्या हाताखालच्या दोन तरुण शल्यविशारदांनी सोडवला. थॉमस स्टोक्स आणि जॉन फ्लिक यांना असे आढळले की, रक्ताच्या वाहत्या थराच्या वाटेत तारेची जाळी ठेवली तर थरात खळबळ माजते आणि रक्त कितीतरी अधिक ऑक्सिजन घेते. मग नळकांडे फिरवण्याची गरजच उरली नाही. प्लास्टिकच्या पेटीत उभ्या जाळ्या ओळीने टांगायच्या, वरून रक्त सोडायचे आणि पेटीत ऑक्सिजन खेळवायचा, एवढे पुरेसे झाले. दुसऱ्या यंत्रात रक्ताचे तापमान, आम्लता व पातळी यांवर नियंत्रण ठेवणारी विद्युत साधनेही बसवली गेली. यंत्राची जबाबदारी प्रामुख्याने बर्नार्ड मिलर यांच्यावर होती.

आता प्रयोग कुत्र्यांवर होऊ लागले. सुरुवातीला त्यांतील बहुसंख्य मरत. हृदयात शिरलेली हवा मेंदूकडे जाऊ नये म्हणून डाव्या निलयात नळी घालून ती बाहेर काढणे, रक्तातील सूक्ष्म गुठळ्या गाळणे अशा सुधारणांमुळे मृत्यूंचे प्रमाण हळूहळू घटले. वर्षानुवर्षे चाललेल्या या बारीकसारीक दुरुस्त्यांविषयी फारसे लिहिले जात नाही, परंतु यंत्र माणसासाठी योग्य ठरले ते त्यांमुळेच.

चार शस्त्रक्रिया

या सुमारास इतरही संशोधक याच दिशेने झटत होते. मिनेसोटा विद्यापीठातील क्लॅरेन्स डेनिस यांनी गिबन यांच्या प्रयोगशाळेला भेट देऊन स्वतःचे यंत्र बांधले व एप्रिल १९५१ मध्ये ते माणसासाठी वापरले, पण रुग्ण वाचला नाही. त्याच विद्यापीठात २ सप्टेंबर १९५२ रोजी जॉन लुइस यांनी एका लहान मुलीचे शरीर थंड करून तिच्या हृदयातील छिद्र यंत्राविना, डोळ्यांनी पाहून बंद केले. शीतनामुळे मेंदूची ऑक्सिजनाची गरज कमी होते, पण मिळणारा वेळ थोड्या मिनिटांचाच असतो. त्यामुळे गुंतागुंतीच्या दोषांसाठी हा मार्ग अपुरा होता.

गिबन यांनी फेब्रुवारी १९५२ मध्ये पहिल्यांदा आपले यंत्र मानवी रुग्णासाठी वापरले. रुग्ण १५ महिन्यांची मुलगी होती. दोन अलिंदांमधील, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असल्याचे निदान झाले होते. हृदय उघडल्यावर ते छिद्र सापडलेच नाही. मुलगी दगावली व शवविच्छेदनात खरा दोष हृदयाबाहेरील एका वाहिनीत असल्याचे आढळले. यंत्राने आपले काम केले होते, चूक निदानात होती. त्या काळी हृदयातील दोष शस्त्रक्रियेपूर्वी नेमका ओळखण्याची साधने किती अपुरी होती, याची कल्पना यावरून येते.

दुसरी रुग्ण म्हणजे ६ मे १९५३ रोजी शस्त्रक्रिया झालेली महाविद्यालयीन विद्यार्थिनी. अलिंदांमधील मोठ्या छिद्रामुळे तिच्या हृदयाची उजवी बाजू थकत चालली होती व मागील सहा महिन्यांत तिला तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. फ्रँक ऑलब्रिटन हे शस्त्रक्रियेत गिबन यांचे साहाय्यक होते. शस्त्रक्रिया सुरळीत झाली, असे मात्र म्हणता येत नाही. हेपारिनची मात्रा कमी पडल्याने यंत्रातील जाळ्यांवर रक्त गोठू लागले, स्वयंचलित नियंत्रण बिघडले आणि यंत्र हाताने चालवावे लागले. तेवढ्यात गिबन यांनी सलग टाक्यांनी छिद्र शिवून घेतले. तरुणी यंत्राला एकूण ४५ मिनिटे जोडलेली होती. त्यांपैकी २६ मिनिटे तिचे जीवन सर्वस्वी यंत्रावर अवलंबून होते. ती बरी होऊन घरी गेली. जुलैमध्ये केलेल्या तपासणीत छिद्र पूर्ण बंद झाल्याचे दिसले आणि त्यानंतर ती कित्येक दशके जगली.

गिबन यांनी या यशाचा गाजावाजा केला नाही. प्रसिद्धीपासून ते दूरच राहिले. एवढ्या मोठ्या घटनेचे वृत्त त्यांनी नामांकित नियतकालिकाकडेही पाठवले नाही. मिनेसोटा येथील एका परिसंवादात त्यांनी निबंध वाचला आणि तो १९५४ मध्ये त्या राज्याच्या वैद्यकीय मासिकात छापला गेला.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पाच वर्षांच्या दोन मुलींवर शस्त्रक्रिया केल्या. पहिलीचे हृदय यंत्र जोडण्यापूर्वीच बंद पडले. नंतर यंत्रावर घेऊनही ते पूर्ववत झाले नाही. दुसरीच्या हृदयात अपेक्षेपेक्षा अधिक दोष निघाले. रक्त इतके येत राहिले की आतले काही दिसेना. दोघीही दगावल्या.

माघार

चारांपैकी तीन रुग्ण, आणि तीनही लहान मुली, गमावल्यावर गिबन यांनी यंत्राचा माणसांवरील वापर एका वर्षासाठी स्थगित केला. ते वर्ष संपल्यावरही ते स्वतः हृदयशस्त्रक्रियेकडे परतले नाहीत. ते क्षेत्र त्यांनी तरुण सहकाऱ्यांकडे सोपवले.

या निर्णयाबद्दल नंतरच्या अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. मिनेसोटा विद्यापीठाचे वॉल्टन लिलेहाय यांच्याशी गिबन यांची तुलना नेहमी केली जाते. लिलेहाय यांनी मार्च १९५४ पासून आई किंवा वडील यांच्या रक्ताभिसरणाला मुलाचे अभिसरण जोडून शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांचा पहिला बालरुग्ण अकरा दिवसांनी दगावला, पण ते थांबले नाहीत. या पद्धतीने त्यांनी ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यांतील २८ जण बरे होऊन घरी गेले. गिबन यांच्यात ती जिद्द नव्हती, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. पण ज्या माणसाने सर्वांच्या अविश्वासाला तोंड देत एकाच कल्पनेवर दोन दशके काम केले त्याला तो लागू पडत नाही. बालरुग्णांचे मृत्यू त्यांना सहन झाले नाहीत, हे मात्र खरे. प्रयोगशाळेत अपयश आले की कारण शोधून पुन्हा आरंभ करणे त्यांना जमत होते. शस्त्रक्रियागृहातील अपयशाची तशी पुनरावृत्ती करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यांना वाटत नसावे.

यंत्राचा पुढील प्रवास

यंत्र मात्र थांबले नाही. रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकचे जॉन कर्कलिन यांनी जेफर्सनला भेट दिली. गिबन यांनी यंत्राचे आराखडे मोकळेपणाने दिले आणि मेयोच्या अभियंत्यांनी त्यांत सुधारणा करून नवे यंत्र तयार केले. ते मेयो-गिबन यंत्र म्हणून ओळखले जाते. २२ मार्च १९५५ रोजी कर्कलिन यांनी ते प्रथम वापरले. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार वाचले. हे प्रमाण आज भीषण वाटते. परंतु हे सर्व रुग्ण अन्यथा दुरुस्त न होणाऱ्या दोषांचे होते आणि पुढील वर्षांत मृत्यूंचे प्रमाण वेगाने खाली आले. दीडशे किलोमीटरच्या आतील मिनेअ‍ॅपोलिस शहरात लिलेहाय आणि रिचर्ड डीवॉल यांनी त्याच वर्षी बुडबुड्यांनी ऑक्सिजन देणारे, स्वस्त व सुटसुटीत यंत्र प्रचारात आणले. काही काळ जगात नियमित खुल्या हृदयशस्त्रक्रिया या दोनच ठिकाणी होत असत.

हृदयाच्या झडपा बदलणे, जन्मजात दोष दुरुस्त करणे आणि १९६७ मधील पहिले मानवी हृदयरोपण हे सर्व अशा यंत्रांमुळे शक्य झाले. मराठीत बायपास म्हटले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील अडथळ्यांना वळसा घालणारी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. हृद्-फुप्फुस यंत्राच्या संदर्भात मात्र या शब्दाचा अर्थ खुद्द हृदय आणि फुप्फुसे यांनाच वळसा घालणे असा आहे. याच तत्त्वावर आधारलेली, रुग्णाला कित्येक दिवस आधार देणारी एक्मो ही उपचारपद्धती आता अतिदक्षता विभागात वापरली जाते. फुप्फुस धमनीत मोठी गुठळी अडकलेल्या अत्यवस्थ रुग्णांसाठीही ती उपयोगात आणली जाते. बॉस्टनमध्ये गिबन यांना जे हवे होते ते हेच.

उत्तरायुष्य

हृदयशस्त्रक्रिया सोडल्यानंतरही गिबन यांनी छातीच्या इतर शस्त्रक्रिया, अध्यापन आणि संपादन चालू ठेवले. १९५६ मध्ये ते जेफर्सन महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले व १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर राहिले. छातीच्या शल्यचिकित्सेवरील त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढील आवृत्त्या इतर संपादकांनी काढल्या आणि तो दीर्घकाळ प्रमाणभूत राहिला. त्यांना १९६० मध्ये गेर्डनर पुरस्कार आणि १९६८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

निवृत्तीनंतर ते फिलाडेल्फियाजवळील मीडिया येथील आपल्या शेतावर राहत. तरुणपणी मागे पडलेले लेखन त्यांनी कवितांच्या रूपाने पुन्हा हाती घेतले, चित्रेही काढली. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी ६ मेच्या शस्त्रक्रियेला वीस वर्षे पूर्ण झाली.